मेहुण्याची आंब्याची वाफ

मुलीला वळण लागावं म्हणून मी आयुष्यात एकदाच झुरका मारला.

जव्हारला माझं शिवणकामाचं दुकान आहे, मागेच घर. गेल्या थंडीत माझा मेहुणा शकील भिवंडीहून राहायला आला. त्याच्या गळ्यात एक निळी नळी लटकत होती. मला ती शिट्टी वाटली. त्याने ती ओढली आणि दुकानभर आंब्याचा वास सुटला.

"ई-सिगारेट? याच्यावर बंदी आहे ना?" मी विचारलं.

"म्हणून तर भाव आहे, दुल्हाभाई."

माझी मुलगी आफरीन नववीत. पहिल्या दिवशी तिने नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मामू, लिचीचं पण मिळतं?" आठवडाभरात ती शाळेच्या वाटेवर पेनाचं टोपण ओठांत धरून थंडीत तोंडाची वाफ सोडू लागली. सोबत साखरशेत गावची मैत्रीण सुनीता. ती म्हणायची, "आता मला दे."

"शकीलला सांगा, ते घरात ओढू नको," माझी बायको शमीम म्हणाली. उपाय फारच सोपा होता, म्हणून मला पटला नाही. मी ठरवलं, पोरींना प्रत्यक्षच दाखवायचं. मी ओढणार, जोरात खोकणार, त्या घाबरणार. (खोकल्याची तालीम मी शिलाई मशीनच्या आवाजात उरकली होती.)

शकील आंघोळीला गेल्यावर मी नळी उचलली आणि दोघींना समोर बसवलं.

"बघा, हे किती वाईट असतं ते," म्हणत दणदणीत झुरका घेतला.

खोकला आलाच नाही. गोड, गार काहीतरी घशातून उतरलं आणि मी बोलून गेलो, "अरे, हापूस आहे."

"बघू," आफरीनने हात पुढे केला. सुनीतानेही.

नळी पाठीमागे लपवून मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि मघाशी राहिलेला खोकला एकदम आला. पाठोपाठ सगळं दुकान गरगरलं. मी कापडाच्या ढिगावर बसकण मारली आणि हाताला लागेल त्याने घाम पुसू लागलो. तेवढ्यात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आपला ब्लाउज न्यायला आल्या. मी त्याच ब्लाउजने घाम पुसत होतो.

"यांना काय झालं?"

"अब्बा झुरका घेऊन आम्हाला समजावत होते," आफरीन म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावत ती पुटपुटली, "मला नको ते, अब्बा. खरंच नको."

शमीमने भावाला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दुपारच्या गाडीने शकील नळीसकट भिवंडीला गेला.

पुढच्या शनिवारी मुख्याध्यापिकांनी मला शाळेत बोलावलं. मुलांना व्यसनांबद्दल सांगायचं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून, भाषण पाठ करून गेलो.

"बोलायला नर्सबाई आल्यात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुम्ही फक्त त्या दिवशी बसला होतात, तसे मुलांसमोर बसा."