हजेरीचे फोन

त्या कंपनीत तिला सगळे ऑपरेटरताई म्हणायचे. एकवीस वर्षं ती टेलिफोन बोर्डावर बसली. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची. कोण बायकोशी भांडून आलाय, कोणाला सर्दी झालीय, सगळं तिला आधी कळायचं. “ताईपासून काही लपवायचं तर मुकाटच बसावं लागतं,” असं हिशेबनीस भाऊ म्हणायचे आणि डबा उघडून तिच्याच टेबलाशी बसायचे.

साथ आली, ऑफिसला कुलूप लागलं. जो तो घरून काम करू लागला. साहेबांनी तिला नवं काम दिलं. सकाळी साडेनऊपर्यंत ज्याची हजेरी कॉम्प्युटरवर लागली नसेल, त्याला फोन करायचा, कारण विचारायचं आणि यादीत भरायचं.

सुरुवातीला कारणं साधी होती. लाइट गेली, डोळा लागला, पोरांचा वर्ग चालू आहे. मग ताप सुरू झाले. मग फोन भलतंच कुणीतरी उचलायला लागलं.

एका सोमवारी यादीत भाऊ होते. फोन वहिनींनी घेतला.

“वहिनी, भाऊंची हजेरी…” ती अडखळली.

“शनिवारी दवाखान्यात नेलं. आज पहाटे गेले हो. तोंडसुद्धा बघू दिलं नाही.” वहिनींचा आवाज अगदी कोरडा होता. “त्यांचा लॅपटॉप सकाळपासून टुणटुण वाजतोय. तो बंद कसा करायचा, तेवढं सांगता का?”

“कोपऱ्यातलं बटण दाबून धरा,” ती म्हणाली. टुणटुण थांबेपर्यंत दोघींनी फोन धरून ठेवला.

यादीत कारणं आधीच ठरलेली होती: आजारी, रजा, नेट बंद. तिने साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “सध्या ‘इतर’ भरा.”

त्या वर्षात तिने सात वेळा ‘इतर’ भरलं.

“आई, सोड ना हे काम,” लेक म्हणायची.

“मी सोडलं तर कुणीतरी परकं माणूस विचारेल त्यांना, का आला नाहीत म्हणून.”

दीड वर्षाने ऑफिस उघडलं, तेही अर्ध्याच मजल्यावर. बोर्ड काढून नेला होता, भिंतीतून नुसत्या तारा लोंबत होत्या. आता फोन मशीनच घेणार होतं.

“तुमचा आवाज गोड आहे, ताई,” साहेब म्हणाले. “जाण्याआधी मशीनसाठी स्वागताची दोन वाक्यं रेकॉर्ड करून द्या.”

ती बसली. तीनदा प्रयत्न केला. ‘नमस्कार’च्या पुढे शब्द फुटेना. शेवटी त्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेतला.

आता ती घरीच असते. फोन वाजला की लेक उचलते, आणि बोलणं संपेपर्यंत ती मोरीत नळ सोडून उभी राहते.