रुमालाखालचा नवस

सौद्यात मारुतीनं मला फसवलं, हे आधीच सांगून ठेवतो. सोनपेठच्या बैलबाजारात दलाली करून मी घर उभं केलं. मला सहसा कुणी फसवत नाही.

गालाच्या आत पांढरा डाग आला. तंबाखूची गोळी मी तिथंच धरायचो. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी डागाचा तुकडा तपासायला घेतला. म्हणाल्या, "वाढणाऱ्या पेशींत एक प्रथिन असतं, रंग दिला की दिसतं. ते तळच्या थरात असलं तर वाढ रीतीनं चाललीय. वरच्या थरांपर्यंत चढलं असलं तर पेशी मोकाट सुटल्यात, कर्करोगाची वाट धरलीय."

"मधल्या थरावर मिटवा की, बाई."

"मामा, इथं भाव होत नाही."

मग जिथं भाव होतो तिथं गेलो. आमच्या बाजारात भाव बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात. शनिवारी गावच्या मारुतीपुढं बसलो, डोळे मिटले आणि रुमालाखाली एक बोट पुढं केलं. एक बोट म्हणजे आठवड्यातला एक दिवस तंबाखू बंद. फार तर दोनापर्यंत चढायची तयारी होती. तेवढ्यात रुमालाखाली एक खरबरीत हात आला आणि त्यानं माझा अख्खा पंजा आवळला.

डोळे उघडले तर शेजारी एक म्हातारा धनगर.

"कामून हात घातलास रे?"

"तुमीच रुमाल धरला, मालक. मला वाटलं मेंढरं इकायलात. आता पंजा धरलाय, मागं सरू नका."

मी शिव्या दिल्या. तो काठी उचलून निघून गेला. पण हात धरला की सौदा पक्का, हे मीच आयुष्यभर लोकांना सुनावलेलं. अख्खा पंजा म्हणजे अख्खा आठवडा. पायरीवरच तंबाखूची डबी रिकामी केली. देवाला एवढं फुकट कुणी देत नाही. मी दिलं, आणि नवल म्हणजे छाती हलकी झाली.

अहवाल आला. प्रथिन तळच्या थरातच होतं. डाग काढला, तपासणीला मात्र जात राहायचंय. म्हाताऱ्याला मी जिंतूर-पाथरीच्या बाजारांत शोधलं. कुणी ओळखलं नाही. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. माझा हात एकानं धरला आणि मी वाचलो, एवढं खरं.

पण त्यानं तंबाखू नेली, तलफ माझ्याकडेच ठेवली. हा कुठला व्यवहार? दर शनिवारी मी देवळात बसलेला असतो. त्यानं यावं आणि जाब द्यावा.