अंगणकाकूची ताटली

आमच्या आळीत कुणी केळं खाऊन साल रस्त्यावर टाकली, की ती थोड्या वेळाने ताटलीतून त्याच्याच दारात यायची. आणणारी आमची शेजारीण, अंगणकाकू. "भाऊ, तुमची वस्तू बाहेर राह्यली व्हती," एवढंच म्हणायची. आवाज बिलकुल चढायचा नाही. पुन्हा साल टाकायची त्या माणसाची छाती व्हायची नाही.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी लग्न होऊन जुन्या जालन्यात आले, ती तिच्या शेजारी. सकाळी सडा घालताना ती आमच्या दारापुढेही घालायची. मी संकोचले, तर म्हणाली, "नजर जाती तिथवर अंगण आपलंच, पोरी. बघायचं आपल्यालाच हाय ना?" माझ्यासारखी आळशी बाईसुद्धा तिचं बघून पहाटे शेण कालवायला बसू लागली, आता बोला.

पुढे काकूच्या घरमालकाने घर विकलं. काका-काकू कुंडलिकेपलीकडे, नव्या जालन्यात बाजारामागच्या भाड्याच्या खोल्यांत गेले.

त्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. एकच खोली, एकच खिडकी, तीही लावलेली. दाराबाहेर पाय ठेवायला जागा नाही. काकू पार वाळली होती, सारखी खोकत होती. बोलता बोलता तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, खिडकी उघडली, काड्या बाहेरच्या नालीत भिरकावल्या आणि खिडकी परत लावली.

"काकू, तुम्ही?"

"आधी खिडकीखाली झाडत व्हते की मी बी. माझं झाडून होईस्तोवर वरून कोणाची तरी राख पडायची. ताटली न्यावी तर कोणाच्या दारात? साऱ्यांच्याच खिडक्या त्या नालीवर." ती खोकली. "मंग तिकडं बघायचंच सोडलं. फेकण्यापुरती उघडते."

मला राग आला, पण काकूचा नाही. दारापुढे वीतभर जागा न सोडता ज्याने त्या खोल्या बांधल्या, त्याचा आला. अशी बाई त्याने त्या काळोखात वाया घालवली, याची हळहळ मला अजून वाटते.

निघताना तिने आग्रहाने केळं खायला लावलं. साल हातात घेऊन मी खिडकीकडे पाहिलं, मग गुपचूप मुठीत धरली. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ने घरी," काकू म्हणाली. "तुला अंगण हाय अजून."