झुंबरला आंघोळ कोणी घातली

सायखेड्यात पिठाची गिरणी चालवणारा झुंबर अंगानं आडदांड आणि तोंडानं मोकळा होता. उन्हाळा असो की थंडीचा कडाका, सकाळी गोदावरीच्या घाटावर लंगोट लावून आंघोळ आणि ओल्या अंगानंच चार जणांशी गप्पा, हा त्याचा शिरस्ता. मालनबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्यात खंड पडलेला तिनं पाहिला नव्हता.

साठीला टेकला आणि साखरेनं त्याला गाठलं. लघवीच्या जागेची चामडी सुजायची, चिरायची, भरून यायची आणि पुन्हा चिरायची. मालनबाई त्याला नाशिकला घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "वरची चामडी काढावी लागेल. साखर असलेल्या पुष्कळ पुरुषांना करावं लागतं. छोटं ऑपरेशन आहे."

झुंबरला आधी कळलंच नाही. कळलं तसा तो खुर्चीतून उठला.

"म्हंजी सुंता?"

"तसं म्हणा हवं तर."

"या वयात बाटवता व्हय मला, डॉक्टर?"

डॉक्टर हसले नाहीत. "काका, आजार बरा करायचाय. धर्म कुठं आला यात?"

झुंबर तसाच घरी आला आणि बरेच महिने हटून बसला. शेवटी ताप चढला, लघवी तुंबली, तेव्हा मालनबाईनं त्याला गाडीत घातला आणि ऑपरेशन करूनच परत आणला. गावात सांगितलं, हर्नियाचं होतं. मुलगा मनोज, त्यालाही तेच सांगितलं.

जखम भरली, पण झुंबर पहिल्यासारखा झाला नाही. घाटावर जाणं बंद झालं. आंघोळ न्हाणीघरात, आतून कडी लावून. मुसलमानांच्या सुंतेवरचा एक पांचट विनोद गिरणीवर वर्षानुवर्षं चालत आलेला होता आणि पूर्वी तो सांगणारा झुंबरच असायचा. आता कुणी तो काढला की झुंबर चटकन बटण दाबायचा आणि घरघरीत सगळं बुडवून टाकायचा.

एका दुपारी जेवताना तो मधेच थांबला. "मालन, मेल्यावर मला आंघोळ कोण घालील?"

"असलं अभद्र काय बोलता?"

"भाऊबंद घालतील. अंगणात बसवतील, कपडे काढतील. सावळीराम असंल, सगळेच असतील. बघतील." त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. हात गार होता, पिठानं पांढराफटक. "तू सगळ्यांना बाहेर काढायचं. तूच घालायची. बोल, घालशील?"

"घालीन," ती म्हणाली. तेव्हा कुठं त्यानं मनगट सोडलं.

पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी पुलाला लागली. सगळं गाव पाणी बघायला गेलं, झुंबरही गेला. घाटाच्या वरच्या पायरीवर तो उभा होता, असं एकानं सांगितलं. पाण्याकडे फार वेळ बघत होता, असं दुसऱ्यानं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही.

पाणी ओसरलं. मनोजनं पोलिसांत खबर दिली, नदीकाठची गावं पालथी घातली. मग पोलिसांचा फोन आला. मनोजनं तो ओसरीवर घेतला, मालनबाई शेजारीच होती.

"नांदूरच्या बाजूला एक बॉडी गावली होती. चेहरा राहिला नाही," पलीकडचा हवालदार म्हणाला. "पण ती तुमची नाही. मुसलमानाची आहे. बघितल्यावर कळतं ना."

मनोजनं सुस्कारा सोडला. "आई, नाना नव्हते ते."

मालनबाईच्या तोंडात शब्द आला आणि तिथंच राहिला. बोललं तर नवरा मेला. न बोललं तर कदाचित अजून कुठंतरी होता. आणि बोलायचं तरी कसं, तेही पोराला? ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तिला गिरणी सुरू झालेली ऐकू आली.

वीज गेलेली होती. किल्ली झुंबरच्याच खिशात गेल्यामुळे दाराला कुलूप तसंच होतं. ती पळत गेली आणि दाराला कान लावला. आत पट्टा फिरत होता, दगड दगडावर घासत होता, आणि ती घरघर दारातून तिच्या दातांत शिरत होती. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला तिनं हाक मारली. "गिरणी चालू हाय का गं?"

बाईनं कान दिला. "नाय बा. लाइट कुठंय?" आणि ती जरा घाईनंच पुढं गेली.

रोज तसंच होऊ लागलं. दुपार झाली की घरघर. ती ऐकता ऐकता मालनबाईच्या मनगटाला गारठा चढायचा, चार बोटांच्या रुंदीइतकाच. पदरानं कितीही चोळलं तरी ती जागा ऊब धरत नसे. कुणी तिथं धरून बसलेलं असावं आणि उत्तराची वाट बघत असावं, तशी.

शेवटी तिनं मनोजला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मनोज खाली मान घालून ऐकत राहिला. मग एकच बोलला, "मला का नाय सांगितलं नानांनी?"

"लाज वाटली त्यांना."

"आणि तुला?"

तिनं मनगट पदरात गुंडाळून घेतलं.

ते नाशिकला गेले तेव्हा फार उशीर झालेला होता. बेवारस म्हणून ठेवलेला देह मुदत संपताच मुसलमानांच्या एका संस्थेच्या ताब्यात गेला होता आणि त्याचं दफनही झालं होतं. पोलिसांनी प्लास्टिकची पिशवी समोर ठेवली. तिच्यात फाटका बनियन होता आणि सुतळीला बांधलेली एक पितळी किल्ली. मालनबाईनं किल्ली उचलली. तिच्या दात्यांत पीठ बसून पाण्यानं त्याचा दगड झाला होता. देहाच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशी जुळवायला मनोजच्या रक्ताचा नमुना घेतला गेला, पण निकालाची वाट तिनं पाहिली नाही. तिथून ती थेट कबरस्तानात निघाली.

फाटकाशी एक म्हातारा बाकावर बसला होता. त्याचं नाव नूरमहंमद. मयताला गुसल द्यायचं, म्हणजे दफनाआधीची आंघोळ घालायची, हे काम तो बापापासून करत आलेला. बायका आत जात नाहीत, म्हणून त्यानं फाटकातूनच बोट दाखवलं. लिंबाखाली मातीचा एक नवा उंचवटा होता.

"नदीतनं आलेले ते ना, ताई? तिथं हायेत."

मालनबाई गज धरून उभी राहिली. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला, मग त्यानं आवाज खाली घेतला.

"एक विचारू? राग नका मानू. त्यांचं काम काय होतं? चक्की होती का?"

मनोज दचकला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दुपारी तिथं बसलो की जमिनीतनं घरघर येते. माझ्या पोराला ऐकू येत नाही. मला येते. आधी वाटलं, कान गेले. आणि माती ठरत नाही. भर घातली की बसते. परत घातली, परत बसली. कोणाची तरी वाट बघत होते ते."

वारा पडलेला होता. मालनबाईनं कान दिला. लिंबाखालून, फार खोलातून, ओळखीची घरघर येत होती. दगडावर दगड.

"भाऊ," ती म्हणाली, "त्यांना आंघोळ कोणी घातली?"

"मीच. दोघं हाताशी होते."

"सगळ्यांनी बघितलं असंल."

नूरमहंमदला प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तसे त्यानं दोन्ही हात कानांच्या पाळ्यांना लावले. "नाही, नाही ताई. आमच्यात मयताचं उघडं अंग बघत नाहीत. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर असते. हाताला कापड बांधून चादरीखालूनच धुवायचं. त्यांचं अंग तर लई नाजूक झालेलं, हातही लावला नाही, नुसतं वरून पाणी सोडलं. मग कापूर. कोणी काही बघितलं नाही."

मालनबाई फाटकाशीच खाली बसली. झुंबर नाहीसा झाल्यापासून ती रडली नव्हती. ती आता रडली, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं थांबतील इतकी. रडणं सरलं तेव्हा घरघर थांबलेली होती. नूरमहंमदनंही मान वर केली होती आणि तो लिंबाकडे बघत होता. मालनबाईनं पदराखाली मनगट चाचपलं. ते दुसऱ्या मनगटाइतकंच कोमट होतं.

परतीच्या वाटेवर मनोज म्हणाला, "कोर्टातून परवानगी काढू. नानांना बाहेर काढू, अमरधामला नेऊ."

"नको."

"आई, बाप कबरस्तानात ठेवायचा? भाऊबंद काय म्हणतील?"

"त्यांना मी सांगते. पुन्हा उघडं नाय पाडायचं त्यांना."

निकाल दिवाळीच्या सुमारास आला. देह झुंबरचाच होता. मग भटजींच्या सांगण्यावरून कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचं ठरलं. मालनबाईनं परातीत कणीक मळली. डोकं, हात, पाय झाले. गोळा हाताखाली गार आणि जड होत गेला, आणि पोटाशी आल्यावर तिची बोटं थांबली. मनोजनं तोंड फिरवलं. तिनं पुतळा केला तो झुंबर शेवटी जसा होता तसा, आणि वर पांढरं फडकं घातलं. घाटावर तो पेटवला तेव्हा कणीक फुगली, फडकं छातीपाशी वर आलं आणि श्वास सुटावा तसं खाली बसलं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तिनं भाऊबंदांसमोर सांगून टाकलं. हर्निया नव्हता. साखरेमुळं सुंता करावी लागली होती, म्हणून पोलिसांनी मुसलमान ठरवलं आणि मुसलमानांनी माती दिली. नीट दिली. पंगतीच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. एक जण ताट सरकवून उठून गेला, तो आजही तिच्या दारात येत नाही.

झुंबरचा चुलतभाऊ सावळीराम मात्र मांडव सोडेपर्यंत रेंगाळला. सगळे पांगल्यावर ओसरीच्या खांबाला टेकून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, त्या डॉक्टरचं नाव काय? मलाबी वरीस झालं तरास हाय. बायकोलाबी बोललो नाय."

मालनबाईनं नाव सांगितलं. "पण भाऊजी, आधी घरी सांगा. आजच सांगा."

सोमवारी सकाळच्या एसटीनं ती दोघांना घेऊन नाशिकला गेली. सावळीराम खिडकीशी बसला होता आणि घाम पुसत होता. पुलावर गाडी आली तशी त्याच्या बायकोनं एका हातानं नदीला नमस्कार केला आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही धरून ठेवली.