पाटीसकट उंची

शशिकांतराव साहेबांच्या साठीच्या या पुस्तकात शिकलेली माणसं पुष्कळ लिहितील. मी सांगते, नात उतरवून घेते.

त्यांची माझी पहिली गाठ आमच्या फाट्यावर पडली. एस्टीची पायरी गुडघ्याला झेपेना, म्हणून मी भाजीची पाटी घेऊन मागंच राहिले होते. एक परके गृहस्थ टेप काढून माझं पाऊल किती उचलतं ते मोजू लागले.

"पावणं, शिलाईचं दुकान हाय काय तुमचं?"

"नाही मावशी. लहान बस बनवतोय, तुमच्या वस्तीपर्यंत येणारी."

"मग मापं गाडीची घ्या की!"

ते हसले, पण माप वहीत लिहिलंच. बाजाराला जाणं सुटलं तर उंबऱ्यात बसून येणारी-जाणारी माणसं बघायची पाळी येणार, ही माझी धास्ती मी बोलले नव्हते. त्यांना ती दिसली असावी.

वर्षानं साहेब गाडी घेऊन आले. पायरी आमच्या उंबऱ्याएवढीच! मी ऐटीत पाय टाकला आणि डोक्यावरची पाटी दाराला धडकली. वांगी साहेबांच्या पायाशी.

"साहेब, बाईचं पाऊल मोजलासा. पाटीची उंची कुणी मोजायची?"

दुसरं कुणी असतं तर मलाच वाकायला सांगितलं असतं. साहेब खाली बसून वांगी वेचू लागले. "चुकलं मावशी. आता पाटीसकट उभ्या राहा." त्यांनी खडूनं खूण केली आणि गाडी परत नेली.

"तुझ्या वांग्यांपायी गाडी गेली गं," बायका म्हणायच्या. मलाही तसंच वाटू लागलं होतं. पण गाडी आली. दार उंच, आत पाट्यांना वेगळी जागा.

आता सकाळी उसाच्या तुऱ्यांवर धुकं असतं आणि गाडी त्यातून तरंगत गडहिंग्लजला निघते. जन्मभर तुडवलेली वाट खिडकीतून मागं सरकते. तिच्यावर कधी कधी तरुणपणची मी चालताना दिसते, डोक्यावर पाटी घेऊन. मी तिला हात करते. ती काही चढत नाही. तिचे गुडघे अजून बरे आहेत.

परवा साहेबच चढताना दांडा धरून थांबले.

"मावशी, पायरी बुटकी ठेवली ते बरं झालं."

"माझ्या मापाची हाय. जपून वापरा!"

साहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि दर वर्षी ते माझं माप घ्यायला येवोत. वयानं मी खुजी होत चालले आहे. पण उभी राहीन, पाटीसकट.