कोहळा नव्हता, पत्रा होता

मी माझ्या बापाला मारलंय. कॉम्प्युटरच्या पत्र्याने. कपाळ फुटलं, तीन टाके पडले.

आज घरी जो तो म्हणत होता, "मुलगी असावी तर अशी." म्हणून लिहितेय. ते कौतुक मला पचणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी.

म्हैसूरात त्या दिवशी स्कूटरपासून विळीपर्यंत सगळ्याची पूजा होते. आमचं तर रंगाऱ्यांचं घर. आता कुणी कापड रंगवत नाही, तरी पणजोबांचे लाकडी ठसे अप्पा दरवर्षी मांडायचे.

त्या वर्षी त्यांनी माझा डेस्कटॉपही पुजला. मी अ‍ॅनिमेशन करते. दोन दिवस एक रेंडर चालू होतं, म्हणजे कॉम्प्युटर फिल्मची शेवटची चित्रं तयार करत होता; दुपारी क्लायंटला द्यायचं होतं.

स्क्रीन काळी. ग्राफिक्स कार्ड तापून सगळं बंद.

बाजूचा पत्रा काढला तर आत हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या. कार्डाचा पंखाच अडकलेला.

"कुणी केलं हे?"

"मी. वरच्या जाळीतून घातलं. यंत्र आहे, पूजा नको?"

"अक्कल गहाण टाकलीत का?"

खाडकन थोबाडीत बसली.

माझ्या हातात पत्रा होता. फिरवला. चुकून नाही हं. मारायचंच होतं मला.

आई "अय्यो, साकु, साकु!" करत मध्ये पडली. कन्नडात साकु म्हणजे बस; दोघांनाही म्हणत होती.

दवाखान्यात अप्पा डॉक्टरला म्हणाले, "कोहळा फोडताना लागलं."

आठ दिवस आम्ही बोललो नाही.

नवव्या दिवशी माझ्या खोलीतून दणादण आवाज. जाऊन बघते तर कपाळाला पट्टी, हातात छिन्नी-हातोडा, आणि माझ्या कॅबिनेटचा तोच पत्रा फरशीवर. वाटलं, म्हातारा सूड घेतोय.

"माझ्या आजोबांच्या रंगाच्या भट्टीला दोन खिडक्या होत्या," मान वर न करता म्हणाले. "खालून गार हवा घ्यायची, वरून गरम सोडायची. तुझ्या या डबड्याला समोर नुसती काच! आत हवा जाणार कुठून?"

काच काढली. पत्र्याला खाली भोकं पाडली. कानशीने कडा घासल्या, माझा हात कापू नये म्हणून.

मी खाली एक, वर एक पंखा लावला. कार्डावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली. कार्डाचं तापमान ब्याण्णव अंशांवरून एकाहत्तर!

तेव्हापासून रोज संध्याकाळी दारातून एकच प्रश्न.

"किती?"

"एकाहत्तर."

"हां."

सॉरी म्हणायचं राहिलं. उद्या म्हणू, उद्या म्हणू करत राहिलं.

काल सकाळी अप्पा गेले. हार्ट अटॅक.

दादा जर्मनीहून आज दुपारी पोचणार, म्हणून अप्पांना ठेवायला फ्रीझर बॉक्स आणला. बन्नूरपासूनचे नातेवाईक आले, हारांवर हार पडले. पायाशी मशीनची जाळी होती, ती पार झाकली गेली. आतला पंखा घरघरायला लागला. डिस्प्लेवर चार अंश होते, ते नऊ झाले. मग अकरा.

मी हार ओरबाडून फेकले.

काकांनी मनगट धरलं. "वेड लागलं का? बापाचे हार काढतेस?"

ढकललं त्यांना. खुर्च्यांवर आपटले. "हवा अडवताय तुम्ही! हवा!"

सगळे म्हणाले, पोरगी दुःखाने बावचळली.

आई उठली. उरलेले हार एकेक करून बाजूला ठेवले.

दादा आला तेव्हा अप्पांचा चेहरा होता तसा होता. मग जो तो माझं कौतुक करायला लागला. दादाने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. म्हणाला, "हा त्या कोहळ्याचा व्रण ना?"

मी "हो" म्हटलं.

दादा, नव्हता रे कोहळा. मी मारलं होतं. काकांची माफी उद्या घरी जाऊन मागेन. त्यांची तरी मागता येईल.

अप्पा, चुकलं माझं. तीन वर्षं उशीर झाला.

अप्पांना निरोप देऊन झाला, आता संध्याकाळ झाली. कॉम्प्युटर चालू करून बसलेय. दारात कुणी नाही.

अडुसष्ट आहे, अप्पा.

या तुम्ही.