आमेन कोण म्हणणार

आमच्या सासरी सकाळचा पहिला चहा आमेननंतर. त्याआधी घोटभरसुद्धा नाही. कुणाला ताप असो, पाहुणा आलेला असो, घरामागच्या शेडमध्ये कोंबड्या खाद्यासाठी कालवा करत असोत, आधी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय, मग आळीपाळीने प्रत्येकाची प्रार्थना, मोठ्याने आणि डोळे मिटून, आणि मगच चहा. पातेलं मात्र आधीच गॅसवर चढलेलं असायचं, आच बारीक करून. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी देवापेक्षा त्या पातेल्याकडेच जास्त लक्ष देऊन काढलं, खोटं कशाला बोलू.

मी नंदुरबार शहरातली. आमच्याकडे धर्म होता, पण रविवारचा. इस्त्रीची साडी, चर्च, घरी येऊन मटण, आणि सोमवारी साडी परत कपाटात. मला बघायला सासरचे आले तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तर सासूबाईंनी बशी बाजूला सारली, पिशवीतून शास्त्र काढलं आणि म्हणाल्या, "वाच." कुठून वाचू, विचारलं. "कुठूनही वाच. सगळं देवाचंच आहे." शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवलेली पोरगी मी. उघडलं ते स्तोत्र खणखणीत वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, नवापूरहून एसटीने आल्यात, थकल्या, लागली झोप. स्तोत्र संपलं तसे त्यांनी डोळे उघडले आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "ही चालेल." मुलाला कुणी विचारलं होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. सासऱ्यांना येतं, पण दुसऱ्या वचनाला त्यांची मान छातीवर पडते. नवरा वाचतो ते स्टेशनवर गाडी सुटायच्या घोषणेसारखं. त्यामुळे वाचन माझ्याकडे आलं ते कायमचंच. मी वाचत असताना सासूबाई मध्येच "थांब" म्हणायच्या, तेच वचन पुन्हा वाचायला लावायच्या, आणि गोष्टीतल्या माणसाबद्दल डोळे न उघडता विचारायच्या, "मग त्याच्या बायकोला काय वाटलं असेल?" आता शास्त्रात ते लिहिलेलं नसायचं. मग आम्ही दोघी अंदाज बांधत बसायचो, आणि सासरे पातेल्याकडे बघत बसायचे.

गेल्या नाताळात नवऱ्याला सुरतेच्या एका मिलमध्ये इलेक्ट्रिशियनची नोकरी लागली. राहायला खोली मिळणार होती. ईस्टरनंतर रुजू व्हायचं होतं. मला जायचं होतं, जीव तोडून जायचं होतं. अंडी उचलून उचलून माझ्या ओढणीलासुद्धा शेडचा वास लागला होता. आपलं स्वतःचं एक दार असावं आणि ते आतून लावून घेता यावं, याहून जास्त काही मी मागत नव्हते. सासूबाईंना आम्ही जायला नको होतो. पण तोंडावर "जाऊ नका" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सरळ देवालाच मध्ये घातलं.

सासूबाई घरात मावची बोलतात, बाजारात गुजराती, पण देवाशी कायम छापील मराठी. "हे दयाळू स्वर्गीय पित्या," त्या म्हणाल्या, "तू सुरतेचं पाणी जाणतोस. ते खारं आहे, हे तुला ठाऊक आहे. तिथला धूर तू जाणतोस. तुझ्या या लेकरांची पावलं तू नवापूरच्या पुढे पडू देऊ नकोस." आमच्यात प्रार्थना करणाऱ्याला कुणी मध्येच तोडत नाही, आणि मागणं संपलं की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं असतं. मी सवयीने, सगळ्यांच्या आधी, ढालवाल्या आवाजात आमेन म्हणून मोकळी झाले. अर्थ डोक्यात शिरेपर्यंत आमेन देवाकडे पोचलेलं. डोळे उघडले तर सासूबाई प्रसन्न. "सुनेचंही तेच म्हणणं आहे," त्या सासऱ्यांना म्हणाल्या आणि चहा गाळायला उठल्या.

दिलेलं आमेन परत कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी नंदुरबारला आईला फोन लावला. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "सासूसंगे भांडू नको, बेटा. देवसंगे भांड. तो उलटं बोलत नही."

दुसऱ्या दिवसापासून मी भांडायला लागले. माझी पाळी आली की मी म्हणायची, "प्रभू, तू दारं उघडणारा देव आहेस. तू उघडलेलं दार कोणी बंद करायला बघत असेल, तर त्या व्यक्तीला सुबुद्धी दे." त्या व्यक्तीने आमेन म्हटलं नाही. तिची पाळी आली तेव्हा मीही म्हटलं नाही. मग सासूबाईंनी तेच मागणं पुन्हा मागितलं. पुन्हा आमेन नाही. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा सासऱ्यांनी घाईघाईने आमेन म्हटलं. ते माझ्या मागण्यालाही म्हणायचे. दोन्हीकडून त्यांना फक्त चहा हवा होता. आणि नवरा? तो रोज म्हणायचा, "जशी तुझी इच्छा." आता ही इच्छा देवाची, आईची की बायकोची, ते तो गुळणी धरल्यासारखा सांगायचाच नाही.

बुधवारी आमच्याकडे गल्लीतल्या बायकांची प्रार्थना असते. सासूबाईंनी तिथेही विषय काढला. पंधरा-वीस बायका, एका सुरात आमेन. बुधवारचं बहुमत त्यांचं. मी चर्चच्या पाळकांना गाठलं. ते म्हणाले, देवाच्या इच्छेची वाट बघावी, आणि अंडी ताजी आहेत का, असं विचारून दोन डझन घेऊन गेले.

आमच्याकडे दर जानेवारीत शास्त्र पहिल्यापासून सुरू होतं. पृथ्वी निर्माण झाली, पूर आला, ओसरला, आणि एके दिवशी तो अध्याय आला ज्यात देव कुळपित्याला सांगतो की आपला देश सोड, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडे चालू लाग. माझ्या अंगात वारं भरलं. मी ते शेजारच्या घराला ऐकू जाईल असं वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आज इथपर्यंतच."

"अध्याय पुरा कर," सासूबाई म्हणाल्या.

पुरा केला. दहाव्या वचनाला पोचले तर तिथे दुष्काळ पडलेला. "थांब," सासूबाई म्हणाल्या. "ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "म्हणजे घर सोडून गेला, आणि पोचल्या पोचल्या खायला नाही?" मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि त्याच्या बायकोला काय वाटलं असेल?" त्या दिवशी अंदाज बांधायला मी तयार नव्हते. चहा मी उभ्या उभ्याच घेतला.

पण रोज डोळे मिटून एकाच माणसाविरुद्ध देवाचे कान भरायचे म्हणजे सोपं काम नाही. दोन महिन्यांत मी माझ्याच आवाजाला कंटाळले. एक दिवस सासूबाईंची प्रार्थना चालू असताना मी हळूच डोळे उघडले. बघावं तरी, हे मागताना यांचा चेहरा कसा दिसतो. तर त्यांचेही डोळे उघडे, आणि टक लावून माझ्याकडेच. तोंडाने मागणं चालूच होतं. दोघींनी पटकन डोळे मिटले. तक्रार कुणी कुणाची करायची? पण तेवढ्यात मला दिसलं होतं की पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती घट्ट गुंडाळून धरलं आहे. भांडणारी बाई अशी बसत नाही. त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी दाराचा विषय काढला नाही, कोंबड्यांसाठी प्रार्थना केली.

ईस्टर जवळ आला तसं नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा काही तरी ठरवलं. आईच्या फोनमध्ये त्याने सगळं शास्त्र बोलून दाखवणारं ॲप टाकलं. आम्ही गेलो तरी वाचन थांबायला नको, असा त्याचा हिशोब. सासूबाई फोन पाटावर ठेवून त्याच्यासमोर पदर घेऊन बसल्या. फोनमधला माणूस फार सुंदर वाचत होता, माझ्यापेक्षा किती तरी चांगलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "थांब." तो थांबला नाही. "अरे, थांब की जरा." तो आपला पुढे. त्यांनी मावचीत सांगून पाहिलं, गुजरातीत सांगून पाहिलं. नवरा हसून हसून बेजार. "हे बटण दाब, आई," तो म्हणाला. त्यांनी बटण दाबलं. माणूस गप्प झाला. मग त्याला त्यांनी विचारलं नाही की त्याच्या बायकोला काय वाटलं असेल. फोन माझ्या नवऱ्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. पण त्याला मी दिसत नाही."

नवऱ्याचं हसणं थांबलं. आणि मला एकदम ते पोहे आठवले, बाजूला सारलेली ती बशी, आणि "वाच." मला वाटलं होतं त्यांना भाकरी थापायला, अंडी उचलायला सून हवी होती.

दुसऱ्या सकाळी मी अध्याय वाचला. सासूबाईंची पाळी आली. मग त्यांनी सुरुवात केली ती मावचीत. देवाशी मावची बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला ती बोली आता कळते, म्हणून सांगते, त्या म्हणाल्या ते असं: देवा, मी तुला खोटं सांगितलं. सुरतेचं पाणी मी कधी प्यायलेच नाही. ही गेली की मला वाचून कोण दाखवेल, याची मला भीती वाटते. मला हिला पाठवायचं नाही. पण पाठवायला हवं, तेवढं मला कळतं. ते मला मनापासून करता येऊ दे.

मग त्या आमच्या आमेनसाठी थांबल्या.

जे ऐकायला मी जानेवारीपासून झुरत होते ते हेच. आता फक्त एक शब्द म्हणायचा होता. मला म्हणता येईना. सासऱ्यांनीही म्हटलं नाही. ते टोपीने डोळे पुसत होते. मागे गॅसवर चहा उतू गेला, फसफसला, वास सुटला, तरी कुणी उठलं नाही. शेवटी नवऱ्याने आमेन म्हटलं. माझी पाळी राहूनच गेली, आणि त्या दिवशी आम्ही जळका चहा प्यायलो.

निघताना सासूबाईंनी अंड्यांचा भरलेला ट्रे दिला आणि त्यावर घरचं शास्त्र ठेवून दोन्ही एकाच दोरीने बांधलं. मी म्हटलं, "आई, हे इथे राहू दे." त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय? मला वाचता येतं का?" गाडीत नवऱ्याने तो ट्रे मांडीवर धरला होता. पुढे भरूचला चाललेल्या एका बाईने विचारलं, अंडी विकायची आहेत का. नवरा म्हणाला, "वरचं पुस्तक विकायचं नाही," जणू तिने तेच मागितलं होतं.

सुरतेच्या पहिल्या सकाळी मी माझं दार आतून लावलं आणि उठल्या उठल्या चहा केला. प्रार्थना नाही, काही नाही, हक्काने. अर्धा कप प्यायले. पाणी खरंच खारं होतं. नवरा कप हातात घेऊन नुसता बसला होता. "वाच की," तो म्हणाला.

कोंबडीचं पीस खूण म्हणून ठेवलेलं होतं, तिथून मी वाचायला लागले. चार-पाच वचनं झाली आणि मी आपोआप थांबले. कुणी थांब म्हटलं नव्हतं. "मग त्याच्या बायकोला काय वाटलं असेल?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. "कुठपर्यंत आलात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "पहिल्यापासून वाच," त्या म्हणाल्या. मी पहिल्यापासून वाचलं. त्याच जागी त्यांनी मला थांबवलं, आणि त्या बायकोबद्दल आम्ही इतका वेळ बोललो की नवऱ्याने डबा स्वतःच भरून घेतला. मग त्यांनी प्रार्थना केली, पुन्हा छापील मराठीत. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, सुरतेचं पाणी खारं आहे, हे मी तुला आधीच सांगितलं होतं. माझ्या लेकरांना ते बाधू देऊ नकोस. आणि वेळ आली की त्यांना घरी परत आण." एवढं म्हणून त्या थांबल्या. फोनमधून फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता.

मी लावलेल्या दाराकडे बघितलं. मग आमेन म्हटलं.

"मोठ्याने म्हण," सासूबाई म्हणाल्या. "इथे कोंबड्या ओरडताहेत, ऐकू येत नाही."

मी मोठ्याने म्हटलं.